गणवेश, चॅपल आणि आपलं पोर

मागच्या वेळी अमेरिकेतल्या निवासी शाळांवर लिहिताना व्हर्जिनियातल्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लष्करी शाळांचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली, तेवढी उरलेल्या सबंध लेखावर आली नाहीत. काही पत्रं काळजीची, काही रागाची, आणि एक तर खुद्द मुलाचं. म्हणून आज सगळी जागा त्यांनाच.

बहुतेकांनी फोर्क युनियन मिलिटरी अकॅडमीबद्दलच विचारलंय, तेव्हा तीच शाळा समोर ठेवते. फ्लुव्हाना काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, जेम्स आणि रिव्हाना या दोन नद्यांच्या बेचक्यात एक छोटं गाव आहे, तिथली ही शाळा. रिचमंडचे बॅप्टिस्ट पाळक डॉ. विल्यम हॅचर यांनी १८९८ मध्ये ती काढली, तेव्हा पटावर १९ विद्यार्थी होते आणि त्यांत मुलीही होत्या. १९०२ मध्ये लष्करी शिस्त आली. १९१३ मध्ये व्हर्जिनियाच्या बॅप्टिस्टांनी शाळेला आधार दिला आणि तेव्हापासून ती फक्त मुलग्यांची झाली. चॅटम गावातली १९०९ ची हारग्रेव्ह मिलिटरी अकॅडमीही याच परंपरेतली.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. दार लावून बसतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम. बी मिळायचे तिथे डी यायला लागलेत. नवरा म्हणतो, मिलिटरी स्कूलला टाकू, महिन्याभरात सरळ होईल. टाकू का? (एक आई, अॅशबर्न, व्हर्जिनिया)

ताई, तुमच्या पूर्ण पत्रात 'टाकू' हा शब्द चारदा आलाय. आपल्या बोलीत मूल शाळेत 'टाकतात', 'घालतात', त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण तुमचा लेक बंद दाराआडून तो शब्द ऐकत असेल, तर त्याला काय ऐकू येत असेल याचा एकदा विचार करा.

ही शाळा बालसुधारगृह नाही. व्यसन, मारामारी, कोर्टकचेरी अशी प्रकरणं असलेल्या मुलांसाठी ती काढलेलीच नाही, आणि प्रवेशाच्या वेळी या गोष्टी विचारल्या जातात. शरीर, बुद्धी आणि आत्मा ही तिन्ही घडवायची, असं शाळा आपलं काम सांगते. लष्करी भाग त्या कामाचं साधन आहे. सकाळी बिगुल, फॉर्मेशन, खोलीची तपासणी, मग वर्ग, दुपारी खेळ, रात्री देखरेखीखाली अभ्यास, ठरल्या वेळी दिवे बंद. कधी उठायचं, कधी जेवायचं, फोन कधी ठेवायचा, यावर रोज घरात जी लढाई होते तिचा निकाल आधीच लागलेला असतो. ज्या मुलाला अभ्यास जमतो पण दिवस लावता येत नाही, त्याला याचा खरा उपयोग होतो. पुढे हळूहळू त्याच्या हाताखाली तीन-चार धाकटे कॅडेट येतात. दुसऱ्याचे बूट चकचकीत आहेत का हे बघायची जबाबदारी आली की स्वतःच्या बुटांकडे लक्ष जातं. हे मी स्वतः पाहिलंय.

महाराष्ट्रात मी बरीच वर्षं एका वसतिगृहाची रेक्टर होते. जूनमध्ये मुलं यायची तेव्हा मी एकच गोष्ट विचारायचे, ट्रंक कुणी भरली? ज्याने स्वतः भरलेली असायची त्याला आपली साबणाची डबी कुठे आहे हे माहीत असायचं, आणि तो बहुतेक वेळा टिकायचा. ज्याची ट्रंक आईने रडत रडत भरलेली असायची आणि ज्याला गाडीत बसेपर्यंत नीट सांगितलेलंच नसायचं, तो दिवाळीच्या सुट्टीत गेला की परत येताना पोटात दुखायचं. तेव्हा नवरा-बायकोत काय ठरलं हा प्रश्न दुसरा. मुलाचं काय ठरलं, हा पहिला.

मला ठाऊक आहे, तुमचे यजमान एडी जॉर्जचं उदाहरण देतील, सगळे वडील देतात. फिलाडेल्फियाजवळचा तो मुलगा. त्याला शिस्त हवी म्हणून त्याच्या आईने त्याला फोर्क युनियनला धाडलं. तो खुशीने गेला नव्हता. तिथून ओहायो स्टेटला गेला आणि १९९५ मध्ये अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइझमन ट्रॉफी, त्याला मिळाला. गोष्ट खरी आहे आणि त्या आईचं धैर्य मोठं आहे. पण त्या मुलाला फुटबॉलचं वेड होतं, आणि शाळेकडे फुटबॉल होता. त्याच्या हट्टाला तिथे वाट सापडली. तुमच्या मुलाचं वेड कशाचं आहे? त्याला तिथे वाव आहे का? 'गेम सोडून कशाचंच नाही' हे उत्तर मला अपुरं वाटतं. सहा महिन्यांपूर्वी होतं का काही?

आणि मूळ गोष्ट. दार लावून बसणं, झोप उलटी होणं, मार्क घसरणं, ही आळसाची लक्षणं असतात तशीच नैराश्याचीही असतात. शाळेत कुणी छळत असेल तरी मुलं अशीच वागतात. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि समुपदेशकाकडून नीट तपासणी करून घ्या. जगायचं नाही असं काहीही तो बोलला तर वाट न बघता ९८८ या क्रमांकावर फोन करा. अमेरिकेत तो कुठूनही लागतो. आजारी मुलाला परेडला उभं केलं तर तो आजारी मुलगाच राहतो, फक्त ताठ उभा असतो.

हे सगळं नीट निघालं आणि लेकालाही उत्सुकता वाटली, तर अॅशबर्नहून फोर्क युनियन गाडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. शाळेने ठरवलेल्या 'ओपन हाउस'ला जा, पण त्यावर थांबू नका. साधा मंगळवार किंवा बुधवार मागून घ्या. मेसमध्ये मुलांबरोबर जेवा. मागच्या वर्षी किती मुलं मध्येच सोडून गेली, हे थेट विचारा. चांगली शाळा या प्रश्नाला रागावत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या गणपती बसतो, मुलाची मुंज झालीय. शाळा आवडली, पण ख्रिस्ती आहे. धर्मांतर करतील का? आणि बॅप्टिस्ट म्हणजे कॅथलिकच ना? (एक वडील, एडिसन, न्यू जर्सी)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

नाही, कॅथलिक नव्हेत. वसई किंवा गोव्याच्या वाचकांना माहीत असेल, कॅथलिक घरात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्टांना नेमकं तेच मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की श्रद्धा ही ज्याची त्याने, कळत्या वयात, आपल्या तोंडाने सांगायची गोष्ट आहे. आईबापांनी ती बाळाच्या वतीने सांगायची नाही आणि राजाने तर नाहीच नाही. म्हणून बाप्तिस्मा मोठेपणी, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. त्यांना पोप नाही, वरून हुकूम देणारा बिशप नाही. प्रत्येक मंडळी, म्हणजे गावोगावचं चर्च, आपला कारभार आपण चालवते.

या विचाराची किंमत त्यांनी व्हर्जिनियातच मोजलीय. तिथे इंग्लंडचं चर्च सरकारी होतं, तेव्हा परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून १७६८ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला बॅप्टिस्ट प्रचारकांना तुरुंगात घातलं गेलं. १७७४ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या तरुण जेम्स मॅडिसनने शेजारच्या काउंटीत पाच-सहा भल्या माणसांना केवळ धर्ममतासाठी कोंडलंय म्हणून तळमळून मित्राला पत्र लिहिलं. १७८६ मध्ये व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, तो थॉमस जेफरसनने (हेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) लिहिलेला आणि मॅडिसनने मंजूर करून घेतलेला, आणि बॅप्टिस्ट त्याच्या पाठीशी उभे होते. धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा जेफरसनचा प्रसिद्ध शब्द आहे ना, तो १८०२ मध्ये कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनाच लिहिलेल्या पत्रातला.

तेव्हा जबरदस्तीने तुमच्या मुलाला बाप्तिस्मा देणं म्हणजे बॅप्टिस्टाने स्वतःच्याच मुळावर कुऱ्हाड घालणं. ती भीती मनातून काढा. पण पुढचंही तितकंच स्पष्ट सांगते. चॅपलची, म्हणजे शाळेच्या प्रार्थनाघरातली, उपासना वेळापत्रकाचा भाग आहे, ती आवडीनुसार घ्यायची गोष्ट नाही. चॅप्लन, म्हणजे शाळेचा धर्मगुरू, येशूबद्दल मनापासून, उघडपणे बोलेल. आमंत्रण देईल. मुलाने ते स्वीकारलं तर त्याला आनंद होईल, आणि तो आनंद तो लपवणार नाही. हेच शाळेचं ध्येय आहे आणि तिने ते कुणापासून दडवलेलं नाही. तुम्हाला हे खटकत असेल तर त्यात गैर काही नाही, दुसरी शाळा बघा. मात्र 'फी भरतोय, चॅपल तेवढं सोडून द्या' असं म्हणत प्रवेश घेऊ नका. दुसऱ्याच्या देवघरात पाहुणे म्हणून जातो तेव्हा आपण चपला बाहेर काढतोच. बायबलचा अभ्यासक्रम बारावी पास व्हायला सक्तीचा आहे का, सणाला सुट्टी मिळेल का, खोलीत लहानशी मूर्ती ठेवता येईल का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

आणखी एक, कारण आपलं पोर सावळ्या रंगाचं आहे. दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांचा इतिहास एकरंगी नाही. १८४५ मध्ये ते उत्तरेच्या बॅप्टिस्टांपासून वेगळे झाले, त्याचं कारण गुलामगिरी होतं. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, यावर ताटातूट झाली. त्यांच्या मुख्य संघटनेने त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये. दुसऱ्या बाजूने, शाळेचे संस्थापक हॅचर यांनी १९०८ मध्ये रिचमंडच्या जॉन जॅस्पर यांचं चरित्र लिहिलं. जॅस्पर म्हणजे गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय प्रवचनकार. एकाच मातीत दोन्ही उगवलंय. भेटीला जाल तेव्हा वर्गात, मेसमध्ये, अधिकाऱ्यांत कोणते चेहरे दिसतात ते डोळ्यांनी बघा.

आणि बॅप्टिस्ट हे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा शब्दकोश छापणारे विल्यम कॅरी बंगालमधल्या श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत, आणि त्यांच्या मदतीला पंडित वैजनाथ होते. कॅरींना स्वतःचा धर्म द्यायचा होता हे खरंच, पण त्यासाठी त्यांना आधी आपली भाषा घ्यावी लागली, आणि पंडितजींनी ती न भिता दिली.

शेवटी तुम्हालाच एक प्रश्न. मुंजीत मुलाच्या कानात गायत्री सांगितली, तिचा अर्थ सांगितलात का? पहिल्याच आठवड्यात रूममेट त्याला विचारणार, तुम्ही लोक काय मानता? कुचेष्टेने नाही, खऱ्या उत्सुकतेने. तेव्हा त्याच्याकडे दोन वाक्यं असली पाहिजेत. ती देणं आपलं काम आहे, शाळेचं नाही.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. नातू डलासला. त्याला मिलिटरी स्कूलला घालणार म्हणतात. म्हणजे तो अमेरिकेच्या फौजेत जाणार का? की आपल्या सातारच्या सैनिक स्कूलसारखंच असतं? (एक आजोबा, सातारा)

आजोबा, नमस्कार. तुम्ही सातारचे, म्हणजे देशातलं पहिलं सैनिक स्कूल तुमच्या गावात, २३ जून १९६१ चं. त्या शाळांचा हेतू सरकारने स्पष्ट ठरवला होता, खडकवासल्याच्या एनडीएसाठी मुलं तयार करायची. फोर्क युनियन तशी नाही. ती खाजगी आहे, सैन्याची नाही, आणि तिथे शिकल्याने फौजेचं कसलंही बंधन येत नाही. तिथून निघालेली मुलं इंजिनिअर होतात, वकील होतात, काही थोडी गणवेशात जातात.

तुलना करायची तर नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलशी करा. १९३७ मध्ये डॉ. मुंजे यांनी काढलेली ती शाळाही खाजगी, आणि धर्म व कवायत तिथेही एकाच छताखाली.

व्हर्जिनियात अशा शाळा का रुजल्या, हे तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. लेक्सिंग्टनला १८३९ मध्ये व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट निघाली. तिचा नमुना घेऊन यादवी युद्धानंतर गावोगावी लष्करी शाळा उभ्या राहिल्या. व्हिएतनामच्या युद्धाने त्यांची कंबर मोडली. गणवेशाबद्दलच लोकांच्या मनात कडवटपणा आला आणि पट गळायला लागले. नामांकित स्टाँटन मिलिटरी अकॅडमी १९७६ मध्ये बंद झाली, ऑगस्टा १९८४ मध्ये. ज्या तगल्या त्यांतल्या काहींच्या पाठीशी चर्च होतं, फोर्क युनियन त्यांतलीच. म्हणजे या शाळेत गणवेशापेक्षाही चॅपल तिला धरून आहे, असं मला वाटतं.

नातू अमेरिकेचा नागरिक असेल आणि त्याला स्वतःला अधिकारी व्हायचं असेल, तर वेस्ट पॉइंटसारख्या संस्थेसाठी नागरिकत्व लागतंच, शिवाय सहसा आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याची शिफारसही. तो रस्ता लांबचा आहे आणि तो त्याने निवडायचा. तुम्ही मात्र एक करा. तुम्ही भरती झालात तो पहिला आठवडा त्याला फोनवर सांगा. पाय कसे सुजले, उस्तादाने काय ऐकवलं, घरची आठवण कधी आली. त्याच्या आईबापांपैकी कुणाकडेच ही शिदोरी नाही.

प्रश्न : तिथे म्हणे एका वेळी एकच विषय शिकवतात. सात आठवडे नुसतं गणित? बाकीचं विसरणार नाही का? (एक वडील, ऑस्टिन, टेक्सस)

बरोबर ऐकलंत. १९५० पासून ही पद्धत आहे आणि शाळेची सगळ्यात वेगळी ओळख तीच आहे. नववी ते बारावीचे विद्यार्थी वर्षात पाच विषय घेतात, पण एकापाठोपाठ एक. अमेरिकेतलं शालेय वर्ष साधारण १८० दिवसांचं धरा, पाचाने भागलं की ३६ दिवस, म्हणजे सात आठवडे. तेवढे दिवस सकाळपासून एकच शिक्षक, एकच विषय. कोलोरॅडो कॉलेजने एका वेळी एकच विषय ही रीत १९७० मध्ये घेतली, त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट.

मला या पद्धतीत मनापासून आवडतं ते असं. सहा विषयांत एकदम मागे पडलेला मुलगा सहाही शिक्षकांना टाळतो. इथे टाळायला जागाच नाही. समोर एकच माणूस दिवसभर आहे, आणि तिसऱ्या दिवशी त्याला कळतं की या पोराला अपूर्णांकच येत नाहीत. रात्रीच्या अभ्यासालाही पाच वह्यांचा गोंधळ नाही. आणि एखादा विषय बिघडलाच, तर सात आठवड्यांनी पाटी कोरी. पंधरा वर्षांच्या मुलाला जूनपर्यंत आपण नापासच आहोत असं वाटत राहणं आणि ऑक्टोबरमध्ये नवी सुरुवात मिळणं, यात फार अंतर आहे.

तुमची शंका मात्र खोटी नाही. अंतराअंतराने केलेला सराव जास्त टिकतो, हे मानसशास्त्राने १८८५ मधल्या एबिंगहाउसच्या प्रयोगांपासून पुन्हा पुन्हा दाखवलंय. ऑक्टोबरात बीजगणित संपलं आणि पुढचं गणित वर्षभराने आलं, तर मधे गंज चढणारच. भाषा आणि वाद्य यांना तर रोजचा रियाज लागतो. एपीच्या, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेजच्या दर्जाच्या, परीक्षा मे महिन्यात असतात, तो विषय शरद ऋतूत उरकला असेल तर मुलाला पुन्हा सगळं वर काढावं लागतं. आणि तापाने आठवडा गेला, तर विषयाचा सातवा हिस्सा गेला.

म्हणून प्रवेशाआधी विषयांचा क्रम विचारा. गणित कधी, त्यानंतरचं गणित कधी, मधलं अंतर किती. ते अंतर मोठं असेल तर रोज वीस मिनिटं दहा उदाहरणं, बस. आपल्या आज्या पाढे म्हणून घ्यायच्या ते निवडक दिवशी नाही, रोज दिवेलागणीला. तुमचा मुलगा सातवी-आठवीत जाणार असेल तर हा प्रश्न लगेच येत नाही, त्या वर्गांचं वेळापत्रक नेहमीसारखंच असतं.

प्रश्न : बारावी झालेला मुलगा एक वर्ष तिथे जाऊ शकतो का? (एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

जाऊ शकतो. या वर्षाला तिथे 'पोस्टग्रॅज्युएट', म्हणजे पदव्युत्तर म्हणतात, पण ते 'बारावीनंतरचं वर्ष' या अर्थाने, एमए नव्हे. बहुतेक जण खेळासाठी किंवा मार्क सुधारून चांगल्या कॉलेजात जाण्यासाठी जातात. फुटबॉलपटू विनी टेस्टावर्डी असाच एक वर्ष तिथे राहिला आणि १९८६ मध्ये त्याने हाइझमन जिंकली. तुमच्या मुलाला नुसतं 'अजून ठरलं नाही' म्हणून वर्ष काढायचं असेल, तर त्यापेक्षा स्वस्त आणि चांगले मार्ग आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्यात. इथूनच मुलाला नववीला पाठवता येईल का? (पती-पत्नी, कोथरूड)

व्हिसाच्या बाजूने येतं. खाजगी शाळेला परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असेल तर ती आय-२० हा प्रवेशाचा दाखला देते, त्यावर एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा मिळतो. सरकारी हायस्कूलला एफ-१ वर एकूण बाराच महिने राहता येतं, खाजगीला ती मर्यादा नाही. फी, राहणं, जेवण, गणवेश, विमा, तिकिटं हे सगळं धरलं तर वर्षाचा आकडा दहा हजारांच्या पटीत डॉलरमध्ये जातो.

पण पत्रात तुम्ही लिहिलंय, मुलगा 'इथे हाताबाहेर गेलाय'. मग नका पाठवू. रात्री त्याला ताप आला तर तुमच्या हाती बोलण्यापलीकडे काही नाही, आणि तो बोलेलच असं नाही. आधी पुण्यातच चांगल्या समुपदेशकाला भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. मुलगा सावरला आणि त्याने स्वतः मागितलं, तर दोन वर्षांनी पुन्हा लिहा.

प्रश्न : मुलींसाठी असं काही आहे का? (एक आत्या, नॉर्थ कॅरोलायना)

फोर्क युनियन फक्त मुलग्यांची. व्हर्जिनियातच फ्रंट रॉयलची रँडॉल्फ-मॅकन अकॅडमी बघा, ती १८९२ ची, मेथडिस्ट चर्चशी जोडलेली, आणि १९७४ पासून मुलीही घेते. भाचीला खरंच गणवेशाची ओढ असेल तर तिला हेही सांगा की आपल्याकडची सैनिक स्कूलं आणि एनडीए या दोन्हींची दारं आता मुलींना उघडी आहेत.

प्रश्न : माझं वय १५. आईबाबा मला ऑगस्टमध्ये पाठवणार आहेत. मी हो म्हणालोय, पण खरं सांगू का, भीती वाटते. सीनियर मारतात का? फोन काढून घेतात का? मी शाकाहारी आहे. आणि मला नाही आवडलं तर? (नाव छापू नका)

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मराठीत लिहिलंस, र्‍हस्व-दीर्घाच्या दोन चुका वगळता सुंदर लिहिलंस. भीती वाटते हे 'हो' म्हटल्यावरही सांगता येतं, यातच तुझा अर्धा प्रवास झालाय.

मारण्याबद्दल. सीनियर ओरडतील. पलंगाची चादर पुन्हा घालायला लावतील, दारात ताठ उभं करतील, चुकलास तर डीमेरिट, म्हणजे चुकीचे गुण, मिळतील आणि मोकळ्या वेळात मैदानाला फेऱ्या माराव्या लागतील. हे सगळं नियमात आहे, सगळ्यांना सारखं आहे आणि उजेडात होतं. जे दार लावून होतं, जे 'कुणाला सांगू नकोस' म्हणून होतं, ज्यात तुझ्या अंगाला हात लागतो, काही जबरदस्तीने खायला-प्यायला लावतात किंवा कपडे काढायला सांगतात, ती शिस्त नाही. व्हर्जिनियात त्याला हेझिंग म्हणतात आणि तो फौजदारी गुन्हा आहे. फरक ओळखायची साधी खूण अशी, की हे टॅक ऑफिसरसमोर घडलं असतं का? नसतं, तर त्याच रात्री सांगायचं. टॅक ऑफिसर म्हणजे तुमच्या कंपनीबरोबर राहणारे मोठे अधिकारी. त्यांना सांग, चॅप्लनला सांग, नर्सला सांग, आईला सांग. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला. याला चुगली म्हणत नाहीत. मी रेक्टर असताना एका मुलाने तीन महिने काही सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं मी त्याला भित्रा म्हणेन. ते मला अजून टोचतं.

फोनचे नियम कडक असतात, सुरुवातीच्या दिवसांत तर फारच. म्हणून जायच्या आधी आईबरोबर एक खुणेचं वाक्य ठरव. 'आजीला माझा नमस्कार सांग' हे वाक्य आलं की आईने समजायचं, काहीतरी गंभीर आहे, आजच निघायचं. आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी त्या बराकीत बहुधा दुसऱ्या कुणाकडे नसेल. तू शेजारी दहा मुलं उभी असताना मराठीत बोलू शकतोस. आठवड्याचा फोन मराठीतच कर.

जेवणाचं आधीच मेसला लिहून कळवा. दूध, अंडं चालतं का, चीजमध्ये काय असतं, तू कशाला शाकाहार म्हणतोस हे सगळं नीट लिहा, कारण तिथे काही जण मासे खाणाऱ्यालाही शाकाहारी म्हणतात. पहिले काही दिवस भात आणि सॅलडवर काढावे लागतील. शेंगदाण्याची चटणी न्यायची असेल तर आधी विचार, रूममेटला शेंगदाण्याची अॅलर्जी असू शकते.

नाही आवडलं तर? पहिले तीन आठवडे कुणालाच आवडत नाही, ते मोजूच नकोस. पहिल्या सुट्टीपर्यंत रोज रात्री वहीत एकच ओळ लिही, आज काय चांगलं झालं आणि काय वाईट. सुट्टीत ती वही आईबाबांसमोर ठेव आणि तिघांनी मिळून ठरवा. त्यांनी मलाही पत्र लिहिलंय, त्याचं उत्तर मी त्यांना वेगळं पाठवलंय. वही बघून तुझा निर्णय 'परत यायचं' असा झाला तर ते मानतील, असं त्यांनी मला कबूल केलंय.

आणि ट्रंक तू स्वतः भर. साबणाची डबी वरच्या कप्प्यात ठेव, पहिल्याच रात्री लागते.